जुनी बिडाची भांडी: ओळख, पारख आणि पुनरुज्जीवन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या बाजारात किंवा लिलावात हाती येणारे बिडाचे भांडे बहुधा कीट आणि गंज यांखाली इतके दडलेले असते की ते कोणी ओतले, कधी ओतले आणि अजून वापरण्याजोगे आहे की नाही, यांपैकी काहीच पहिल्या नजरेत कळत नाही. पुढील सर्व उत्तरांमागे एकच भूमिका आहे. कीट आणि गंज भांड्यावर नंतर चढलेले असतात आणि ते उतरवता येतात; मूळ धातूचा पृष्ठभाग मात्र एकदा घासून, कापून किंवा जाळून गेला की कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. म्हणून काम साधेल असा सर्वांत सौम्य उपाय आधी करावा, असा येथे आग्रह आहे.

भांडे बिडाचेच आहे आणि खरोखर जुने आहे, हे कशावरून ओळखावे?

बीड म्हणजे साधारणपणे २ ते ४ टक्के कार्बन असलेले ओतीव लोखंड. लोहचुंबक त्याला चिकटतो, पण तो पोलादी पत्र्याच्या भांड्यालाही चिकटतो, त्यामुळे केवळ त्या कसोटीवर विसंबू नये. ओतीव स्किलेटची, म्हणजे लांब मुठीच्या उथळ तव्याची, मूठ आणि अंग एकाच ओतकामातून आलेले असते, मुठीला रिव्हेट किंवा सांधा नसतो आणि भिंतीची जाडी पत्र्यापेक्षा स्पष्टपणे अधिक असते.

वयाचा अंदाज बांधताना प्रथम आतला पृष्ठभाग पाहावा. पूर्वीचे नामवंत कारखाने वाळूच्या साच्यातून निघालेल्या भांड्याची आतली बाजू यंत्रावर घासून गुळगुळीत करीत असत. कीट उतरल्यावर तेथे कधीकधी एका केंद्राभोवती फिरलेल्या अतिशय बारीक रेषा दिसतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर साचे यंत्राने तयार होऊ लागले, घासण्याची पायरी बहुतेक ठिकाणी गळाली आणि वाळूच्या कणांचा खरखरीत पोत तसाच राहू लागला. जुनी भांडी त्याच आकाराच्या आजच्या भांड्यांपेक्षा बहुधा पातळ आणि हलकी असतात, आणि हातात घेताच हा फरक जाणवतो.

तळाच्या मध्यातून गेलेली, किंचित वर आलेली सरळ रेघ दिसली तर ते भांडे बरेच जुने असण्याची शक्यता असते. वितळलेले लोखंड तळाच्या बाजूने ज्या फटीतून साच्यात सोडले जाई, तेथील जादा धातू तोडून टाकल्यावर ही रेघ, म्हणजे गेट मार्क, मागे राहत असे. ही पद्धत मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आहे. पुढे रस भांड्याच्या कडेने सोडला जाऊ लागला आणि त्याची खूण घासून नाहीशी करणे सोपे झाले. तळाभोवतीचे उंच कडे मात्र वय सांगत नाही. लाकडाच्या किंवा कोळशाच्या शेगडीच्या तोंडावर भांडे नीट बसावे म्हणून ते ठेवले जाई, आणि त्या शेगड्या मागे पडल्यानंतरही कित्येक साच्यांत ते तसेच राहिले.

तळावर कारखान्याचे नाव असल्यास काळ कसा ठरवावा?

नावापेक्षा त्या नावाची मांडणी अधिक सांगते. संग्राहकांमध्ये सर्वाधिक नावाजलेला ग्रिसवोल्ड हा कारखाना अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईरी येथे १८६५ मध्ये भागीदारी म्हणून सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या भांड्यांवर केवळ ‘ईरी’ हे गावाचे नाव आढळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वर्तुळातील क्रुसावर तिरप्या अक्षरांत कंपनीचे नाव येऊ लागले, त्यानंतर मोठ्या सरळ अक्षरांचे चिन्ह आले आणि साधारण १९४० पासून तेच चिन्ह लहान आकारात येऊ लागले. ईरीचा कारखाना १९५७ मध्ये बंद झाला आणि नाव दुसऱ्यांच्या हाती गेले. म्हणून चिन्ह ग्रिसवोल्डचे असूनही खाली ईरीचा उल्लेख नसेल, तर ते भांडे सहसा त्यानंतरचे धरावे.

वॅग्नर हा ओहायो राज्यातील सिडनी येथील कारखाना १८९१ चा. ‘वॅग्नर वेअर’ हे शब्द एकाच मोठ्या इंग्रजी डब्ल्यू अक्षराखाली मांडलेले चिन्ह १९२० च्या दशकापासून १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत वापरात होते. याच नावामुळे एक गैरसमज फार पसरला आहे आणि त्यात अनेकांचे पैसे जातात. ज्या भांड्यावर ‘वॅग्नर्स १८९१ ओरिजिनल’ असे कोरलेले असते, ते १८९१ मध्ये ओतलेले नाही. कारखान्याच्या शताब्दीनिमित्त १९९१ मध्ये काढलेल्या मालिकेतील ते भांडे आहे. स्वयंपाकाला ते उत्तम असते, पण विक्रेता त्याला शतकाहून जुने म्हणत असेल तर ते मान्य करू नये.

टेनेसीतील साउथ पिट्सबर्ग येथील लॉज हा कारखाना १८९६ पासून आजवर चालू आहे. त्याने २००२ पासून आपली भांडी तेलाचा पातळ थर भाजून, म्हणजे सीझनिंग करूनच विक्रीस आणली.

नाव किंवा चिन्ह काहीच नसेल, तर भांडे कमी प्रतीचे समजावे का?

मुळीच समजू नये. मोठे कारखानेही दुकानदारांसाठी आणि स्वस्त मालिकांसाठी बिननावाची भांडी ओतीत असत, आणि त्यांतील अनेकांचे ओतकाम नाव असलेल्या भांड्याइतकेच नेटके आहे. ओळख पटवण्यासाठी कड्याची घडण, मुठीच्या खालच्या बाजूची उंच रेघ कोठे संपते, मुठीच्या भोकाचा आकार, काठावरच्या, पातळ पदार्थ ओतण्याच्या चोचींचे वळण आणि अंकांचे वळण यांकडे पाहावे लागते. तळाच्या कड्याला तीन ठिकाणी खाच असलेले बिननावाचे स्किलेट हे बहुधा लॉजचे असते. अंकाशेजारी एकटेच उमटलेले इंग्रजी अक्षर अनेकदा साच्याची किंवा साचा करणाऱ्या कारागिराची खूण असते, त्यावरून कारखाना लगेच ठरत नाही. ‘मेड इन यूएसए’ एवढेच शब्द असतील तर भांडे बहुधा १९६० च्या आसपासचे किंवा त्यानंतरचे असते.

तळावरचा ८ हा अंक इंचांचा आहे का?

नाही. तो मुळात शेगडीच्या तोंडाच्या मापाशी जुळणारा क्रमांक आहे. आठ क्रमांकाच्या स्किलेटचा वरचा व्यास साधारणपणे साडेदहा इंच, म्हणजे सुमारे २६ ते २७ सेंटिमीटर असतो. कारखान्यागणिक त्यात थोडा फरक पडतो, त्यामुळे जुन्या भांड्याला दुसरीकडून झाकण घेताना क्रमांकावर न जाता पट्टीने मोजूनच घ्यावे.

नक्कल कशी ओळखावी?

मागणी असलेल्या भांड्यांच्या, विशेषतः खेळण्यातील छोट्या स्किलेटच्या आणि नक्षीदार साच्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर झालेल्या आहेत. नक्कल करणारा बहुधा मूळ भांडेच वाळूत दाबून साचा घेतो आणि तेथेच तो सापडतो. बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसते, म्हणून अशा रीतीने ओतलेले २६ सेंटिमीटरचे भांडे मुळापेक्षा अडीच मिलिमीटरच्या आसपास लहान भरते. त्याशिवाय अक्षरांच्या कडा बोथट होतात, पृष्ठभाग दाणेदार येतो आणि काठावर घाईने ग्राइंडर फिरवल्याच्या आडव्या रेघा दिसतात. अस्सल मापे ठाऊक असलेले भांडे घेताना खिशात मोजपट्टी ठेवावी. ताज्या नारिंगी गंजावर भुलू नये, कारण तो मिठाच्या पाण्याने काही दिवसांत आणता येतो.

विकत घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

घाईने केलेली खरेदी येथेच फसते, म्हणून हे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

सर्वांत आधी तडा शोधावा. तो बहुधा काठापासून खाली किंवा मुठीच्या मुळाशी सुरू होतो आणि कीट भरल्यामुळे साध्या रेघेसारखा भासतो. नखाने त्या रेघेवर आडवे जाऊन पाहावे आणि भांडे उजेडासमोर धरावे. नंतर मूठ एका बोटावर तोलून लाकडी चमच्याने अंगावर हलकेच वाजवावे. धड भांडे घुमते, तडकलेले बद्द वाजते. जाड कीट असलेले धड भांडेही कधीकधी बद्द वाजते आणि बारीक तडा असलेले कधी घुमूनही जाते, त्यामुळे आवाजाची कसोटी डोळ्यांच्या तपासणीला पूरक म्हणूनच वापरावी.

त्यानंतर तळाचा सपाटपणा पाहावा. भांडे काचेवर किंवा घोटीव फरशीवर ठेवून काठावर आळीपाळीने बोट दाबले असता ते डुलते का, आणि हलकेच फिरवले असता भोवऱ्यासारखे फिरते का, हे पाहावे. तळ बाहेर फुगलेला असेल तर काचेच्या सपाट शेगडीवर ते भांडे कामाचे नाही. गॅसच्या ज्वालेवर मात्र किंचित फुगलेला तळ चालून जातो. डुलण्याचे कारण तळावरचे कीटही असू शकते, पण विक्रेत्याच्या या शब्दावर विसंबून किंमत देऊ नये.

गंजाने पडलेले खड्डे पोटात आहेत की तळाच्या बाहेरच्या बाजूस, यावर निर्णय ठरतो. बाहेरचे खड्डे केवळ दिसण्याचा प्रश्न आहेत. आतले उथळ खड्डे वापराने तेलाच्या थरात हळूहळू भरत जातात, खोल खड्डे भरत नाहीत.

शेवटी आगीत जळलेले भांडे ओळखावे. कीट घालवण्यासाठी भांडे निखाऱ्यांत टाकण्याची जुनी सवय होती. बीड मंद लाल होण्याइतके, म्हणजे सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्याची अंतर्गत रचना बदलते, पृष्ठभागावर निस्तेज तांबूस छटा आणि खपल्या येतात आणि पुढे कितीही वेळा तेल भाजले तरी थर नीट धरत नाही. ही इजा बरी होत नाही. भांडे प्रसिद्ध कारखान्याचे असले तरी असे भांडे स्वयंपाकासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या भांड्यात शिसे असण्याचा धोका खरा आहे का?

धोका खरा आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे बंदुकीच्या गोळ्या किंवा मासेमारीची वजने ओतण्यासाठी ते घरच्या बिडाच्या भांड्यात वितळवले जात असे. आत करड्या, मऊ धातूचे ठिपके किंवा चिकटलेले थेंब दिसले तर तीव्र शंका घ्यावी. काही न दिसले तरी भांड्याचा इतिहास ठाऊक नसल्यास शिशाची चाचणी करणारी तयार कांडी फिरवून पाहावी. ही चाचणी भांडे कोणत्याही द्रावणात बुडवण्याच्या आधी करावी, कारण शिसे द्रावणात उतरले तर त्यानंतर त्यात बुडवलेले प्रत्येक भांडे दूषित होण्याची भीती असते. चाचणीत शिसे आढळले तर ते भांडे अन्नासाठी कायमचे बाद समजावे आणि शोभेसाठीही ठेवायचे झाल्यास त्यावर तशी ठळक खूण करावी.

जुना काळा थर काढून टाकणे आवश्यकच आहे का?

थर एकसंध, कोरडा आणि गुळगुळीत असेल, वास येत नसेल आणि शिशाची शंका नसेल, तर गरम पाण्याने व साबणाने स्वच्छ धुऊन, वाळवून तेलाचा एक हात भाजला तरी पुरते. चांगल्या रीतीने बसलेला थर केवळ नवेपणाच्या हौसेने उतरवू नये. थर पापुद्र्यांनी निघत असेल, चिकट असेल किंवा बाहेरच्या बाजूस कोळशासारखे कवच साचले असेल, तरच पूर्ण उतरवावा.

कीट उतरवण्याची सर्वांत सुरक्षित पद्धत कोणती?

भांड्याच्या दृष्टीने पाहिले तर कॉस्टिक सोड्याचे द्रावण. कीट म्हणजे उष्णतेने घट्ट झालेले तेल. कॉस्टिक सोडा ते विरघळवतो आणि लोखंडाला हात लावीत नाही, त्यामुळे भांडे आठवडाभर बुडून राहिले तरी नुकसान होत नाही. झाकण असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिंपात सुमारे २० लिटर थंड पाण्याला ५०० ग्रॅम सोडा हे प्रमाण पुरते.

माणसाच्या दृष्टीने मात्र हा पदार्थ अतिशय दाहक आहे. नेहमी पाण्यात सोडा थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण मिसळताना मोठी उष्णता निघते आणि द्रावण उसळू शकते. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि उघडी हवा यांशिवाय काम सुरू करू नये. पिंप मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या वाटेत ठेवू नये. अ‍ॅल्युमिनियमची वस्तू या द्रावणात चुकूनही जाऊ देऊ नये, कारण ती त्यात विरघळते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. लाकडी मुठी आधी काढून ठेवाव्यात. भांडे बुडवून दोनतीन दिवसांनी बाहेर काढावे, घासणीने सैल झालेले कीट काढावे आणि जे उरले असेल त्यासाठी परत बुडवावे. मऊ पडलेल्या थराखालून कधीकधी कारखान्याचे असे चिन्ह वर येते, ज्याची कल्पनाही नव्हती, आणि या कामातील तो सर्वांत आनंदाचा क्षण असतो.

पिंप ठेवण्याची सोय नसेल तर कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन साफ करण्याचा फवारा भांड्यावर मारून, ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस ठेवावे. काळजी वरच्याप्रमाणेच घ्यावी.

कॉस्टिक सोड्याने गंजही जातो का?

जात नाही. गंजासाठी वेगळा उपाय करावा लागतो, आणि कीट पूर्ण उतरल्यानंतरच तो करावा.

हलका गंज साबणाचे पाणी आणि बारीक तारेची घासणी यांनी निघतो. त्याहून अधिक असल्यास पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भांडे अर्धा तास बुडवावे, काढून घासावे आणि गरज भासल्यास पुन्हा अर्धा तास बुडवावे. रात्रभर बुडवून ठेवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, तो घातक आहे. आम्ल गंज संपल्यावर थांबत नाही, ते लोखंड कुरतडू लागते आणि मूळचा गुळगुळीत पृष्ठभाग खरबरीत, करडा होऊन बसतो.

विजेच्या साहाय्याने गंज काढण्याची पद्धत घरी करता येईल का?

बॅटरी चार्जर आणि विजेचे प्राथमिक ज्ञान असेल तर करता येते, आणि दाट गंजासाठी याहून हळुवार उपाय नाही. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन दर चार लिटरमागे साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. भांडे चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा एक पत्रा धन टोकाला जोडावा, आणि दोन्ही एकमेकांना स्पर्श करणार नाहीत अशा रीतीने बुडवावेत. ही जोडणी उलटी झाली तर पत्र्याऐवजी भांडेच झिजते, म्हणून वीज सुरू करण्यापूर्वी ती दोनदा पाहावी. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातील क्रोमियम विषारी स्वरूपात पाण्यात उतरते. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही टाळावा. सोड्याऐवजी मीठ वापरल्यास क्लोरीन वायू सुटतो. नेहमीच्या क्रियेतही हायड्रोजन निघत असल्यामुळे काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर करावे आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी चार्जरची पिन काढावी.

ड्रिलवरचा तारेचा ब्रश, सँडर किंवा वाळूचा फवारा वापरला तर काम लवकर होत नाही का?

लवकर होते आणि कायमचे होते, हीच त्यातील अडचण आहे. कारखान्याने घासलेल्या पृष्ठभागावरील बारीक रेषा, अक्षरांच्या धारदार कडा आणि कित्येक दशकांच्या वापराने आलेली झळाळी ही काही मिनिटांत नाहीशी होते, आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्या भांड्याचे मोल जवळजवळ संपते. तारेचा ब्रश वेगाने फिरवल्यास धातू इतका चकचकीत होतो की पुढे तेलाचा थरही नीट पकड घेत नाही. आजचे खरखरीत, नवे भांडे गुळगुळीत करण्यासाठी कोणी सँडर वापरला तर तो त्याच्या आवडीचा भाग आहे. जुन्या भांड्यावर तो वापरू नये. ओव्हनचे स्वतःला जाळून साफ करण्याचे चक्रही टाळावे, कारण त्यातील अतिउष्णतेने पातळ जुनी भांडी वाकल्याची आणि तडकल्याची उदाहरणे आहेत.

साफ केल्यावर भांडे क्षणात नारिंगी का होते?

उघडे पडलेले लोखंड ओलाव्यात काही मिनिटांतच गंजू लागते. म्हणून अखेरचे धुणे थंड पाण्याने करून फडक्याने लगेच पुसावे, भांडे सुमारे १०० अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण वाळवावे आणि कोमट असतानाच तेल लावावे. पुसताना फडक्यावर येणारा काळा रंग बहुतांशी बिडातील ग्रॅफाइटचा असतो, त्यासाठी पुन्हा घासत बसू नये.

सीझनिंग कसे करावे?

सीझनिंग म्हणजे असंतृप्त तेलाचा अतिशय पातळ थर उष्णतेने आणि हवेतील ऑक्सिजनने घट्ट करून धातूवर बसवणे. येथे यश जवळजवळ पूर्णपणे थराच्या पातळपणावर अवलंबून असते. कोमट भांड्याच्या आतबाहेर, मुठीला आणि तळाला तेल चोळावे, आणि मग तेल चुकून लागले आहे असे समजून कोरड्या, स्वच्छ फडक्याने ते सर्व पुसून काढावे. डोळ्यांना जवळजवळ कोरडे दिसणाऱ्या भांड्यावर जे उरते, तेवढेच हवे असते. भांडे पालथे घालून ओव्हनमध्ये सुमारे २३० अंश सेल्सिअसला तासभर ठेवावे आणि आतच निवू द्यावे. असे तीनचार हात दिल्यावर रंग तपकिरीवरून काळ्याकडे जातो. रंग एकसारखा झाला नाही तरी चिंता करू नये. उरलेले काम रोजचा स्वयंपाक करतो.

कोणते तेल चांगले?

सूर्यफूल, सोयाबीन, कॅनोला किंवा द्राक्षबियांचे शुद्ध केलेले तेल उत्तम काम देते. जवसाच्या तेलाचा बराच बोलबाला झाला आहे आणि त्याचा थर दिसायला सुंदर, कडकही येतो, परंतु तो ठिसूळ असल्यामुळे वापरात अनेकदा पापुद्र्यांनी निघतो. वापरासाठीच्या भांड्याला मी जवसाचे तेल सुचवीत नाही.

थर चिकट राहिला किंवा डाग दिसू लागले तर?

तेल जास्त राहिले होते किंवा उष्णता कमी पडली. तेल न लावता भांडे पुन्हा २३० अंशांना तासभर ठेवावे. बहुतेक वेळा चिकटपणा तेवढ्याने जातो. गेला नाही तर थर उतरवून पुन्हा सुरुवात करावी.

मुलामा असलेल्या भांड्याला हेच उपाय चालतील का?

नाही. काचेसारखा इनॅमलचा थर असलेल्या भांड्याला कॉस्टिक सोडा आणि वीज दोन्हींपासून दूर ठेवावे. आतले इनॅमल टवके उडून गेले असेल तर ते स्वयंपाकातून काढावे, कारण पुढचे टवके अन्नात येतात. काही जुन्या भांड्यांवर कारखान्यानेच निकेल किंवा क्रोमियमचा मुलामा दिलेला असतो. तो धड असेल तर तसाच जपावा, त्यावर तेलाचा थर बसवण्याचा प्रयत्न करू नये.

तडकलेले भांडे जोडता येते का?

बिडाचे जोडकाम करणारे कुशल कारागीर आधी भांडे सावकाश तापवून ते जोडू शकतात, पण दररोज तापून निवणाऱ्या भांड्यात त्या सांध्यावर भरवसा ठेवता येत नाही. दुर्मीळ नमुना असल्यास भिंतीवर लावण्यापुरते जोडावे.

पूर्ववत केलेले भांडे रोज कसे वापरावे आणि ठेवावे?

मंद आचेवर सावकाश तापवावे, कारण बीड उष्णता हळू पसरवते आणि मोठ्या ज्वालेवर मधला भाग आधी तापून पातळ तळ वाकतो. तापलेल्या भांड्यावर थंड पाणी ओतू नये. तडे जाण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. भांडी धुण्याच्या आजच्या साबणाने घट्ट बसलेला थर निघत नाही, तो धाक पूर्वीच्या दाहक साबणांच्या काळातला आहे. मात्र भिजत ठेवणे आणि डिशवॉशर दोन्ही टाळावे. टोमॅटो, चिंच यांसारखे आंबट पदार्थ थर पक्का होईपर्यंत त्यात फार वेळ शिजवू नयेत. धुतल्यावर आचेवर पूर्ण वाळवून तेलाचे बोट फिरवावे आणि पुसून घ्यावे. भांडी एकात एक ठेवायची असतील तर मध्ये कागद किंवा जाड कापड घालावे, आणि डच ओव्हनचे, म्हणजे झाकणाच्या खोल भांड्याचे, झाकण घट्ट न लावता काठावर कागदाची घडी ठेवून थोडे उघडे ठेवावे, म्हणजे आत ओलावा कोंडून गंज धरत नाही.